हुंडेकरी आणि सीमेवरील खोटी

हुंडेकरी हा शब्द हल्लीं बहुतेकांच्या कानावर येतो तो आडनांव म्हणून. तें एका धंद्याचें नांव होतें, आणि पेशवाईच्या अखेरीस दूरच्या मालवाहतुकीची बरीच भिस्त त्या धंद्यावर असे, हें फारसें कोणी लक्षांत घेत नाहीं. जकातीचीं प्रकरणें, दस्तकें, चौक्यांचे हिशेब यांवर लिहिणाऱ्यांनीं जकातदाराची बाजू पुष्कळ मांडली आहे. माल ज्याच्या हमीवर चाले त्या हुंडेकऱ्याविषयीं मात्र ओझरत्या उल्लेखापलीकडे मजकूर सहसा आढळत नाहीं. त्याचें काम काय होतें, त्या कामाचे तुकडे पुढें आगगाडी, मालमोटार व देशादेशांमधील सीमा यांच्या काळांत कोणाकोणाकडे गेले, आणि कोणता तुकडा कोणाकडेच गेला नाहीं, हें येथें मांडण्याचा आमचा विचार आहे.

प्रथम जकातीविषयीं थोडें सांगितलें पाहिजे. जकात म्हणजे एकच कर असें आज आपण समजतों. मराठेशाहींतील व्यापारी तसें समजत नसे. माल जेथें भरला तेथें थळभरीत, जेथें विकला तेथें थळमोड, आणि मालावर शिक्का उमटला म्हणजे छापा, अशा निरनिराळ्या बाबी त्याजकडून घेतल्या जात. शिवाय वाटेंत जे जे परगणे लागत त्यांच्या चौक्या वेगळ्या. एक चौकी सरकारची, दुसरी जहागीरदाराची, तिसरीवर कोणा वतनदाराचा हक्क चालत आलेला. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दींत वसुलाचे मक्ते देण्याची चाल वाढली, तेव्हां मक्तेदाराचीही त्यांत भर पडली. बैल एकदा चौकीवर उभे राहिले कीं गोणी उतरावयाच्या, मोजदाद व्हावयाची, घासाघीस व्हावयाची, आणि तोंपर्यंत दाणावैरणीचा खर्च व्यापाऱ्याच्या माथीं. या खोळंब्यास आपल्या भाषेंत ‘खोटी’ असा नेमका शब्द आहे. जकातीचा पैसा एक वेळ सोसवे, पण खोटी सोसवत नसे. कारण जकात किती पडणार याचा अदमास करतां येई, खोटीचा येत नसे.

एल्फिन्स्टन यानें पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयीं १८१९ सालीं जो अहवाल लिहिला त्यांत हा जाच सांगून, त्यावर लोकांनीं काढलेला तोडगा म्हणून हुंडेकऱ्याचा उल्लेख केला आहे. एकदाच ठोक रक्कम घ्यावयाची आणि माल साऱ्या मुलखांतून पार करून द्यावयाचा, हा त्याचा करार. चौक्यांच्या मक्तेदारांशीं त्याचें आधींच ठरलेलें असे व त्यांच्या पैशास तोच जबाबदार राही. ‘हुंडा’ म्हणजे ठोक, उक्तें; वाटेंतील जकातींसह ठरविलेलें भाडें तें हुंडाभाडें. लग्नांतील हुंड्यामुळें या शब्दाची एरव्हीं अपकीर्ति झाली आहे, पण व्यापारांतील हुंडा ही मोठ्या सोयीची गोष्ट होती. व्यापाऱ्यास निघतांनाच कळे कीं माल पोंचता करण्यास एकूण अमुक इतके रुपये पडणार.

यावरून हुंडेकरी हा व्यापाऱ्यांचा कैवारी होता असें मात्र कोणी समजूं नये. मक्तेदाराशीं ज्याचें सूत जमलेलें, त्याच्या वाटेस न जाणाऱ्या लहान व्यापाऱ्याची चौकीवर काय गत होत असेल याची कल्पना करणें कठीण नाहीं. खोटी जितकी अधिक, तितकी हुंडेकऱ्याची गरज अधिक. तेव्हां खोटी नाहींशी व्हावी अशी त्याची फारशी इच्छा असेल असें आम्हांस वाटत नाहीं. तरीपण एक गोष्ट कबूल केली पाहिजे. वाटेंतील अनिश्चिततेचा बोजा पैसे घेऊन कां होईना, पण स्वतःच्या शिरावर घेणारा एक इसम त्या व्यवस्थेंत होता, आणि त्याचें नांव-गांव माल धाडणारास ठाऊक होतें.

सीमेवरील जकात केवळ पैसा गोळा करण्यासाठीं असे, असा दुसरा एक समज आहे. तो दूर करण्यास शिवछत्रपतींचें कुडाळचे सरसुभेदार नरहरि आनंदराव यांस डिसेंबर १६७१ मध्यें लिहिलेलें मिठाचें पत्र पुरेसें आहे. बारदेश त्या वेळीं पोर्तुगीजांच्या अंमलाखालीं होता. तेथील मीठ स्वस्त. घाटावरून बैल घेऊन उतरणारे व्यापारी तिकडे वळले तर संगमेश्वराकडील मिठाचा उठाव बसणार. म्हणून संगमेश्वरीं मीठ काय भावानें पडतें त्याचा हिशेब करून, बारदेशच्या मिठावर घाटांतच अशी जबर जकात बसवावी कीं तें त्याहून महाग पडावें, असा त्या पत्राचा आशय आहे. येथें जकात हें राज्यांतील मीठ पिकविणाराच्या रक्षणाचें साधन झालें आहे. या पत्राचा हवाला राजाच्या दूरदृष्टीसाठीं नेहमीं दिला जातो व तो योग्यच आहे. परंतु आमचें लक्ष त्यांतील दुसऱ्या एका गोष्टीकडे जातें. हुकूम सुटला तेव्हां जे बैल बारदेशांत मीठ भरून घाटाच्या पायथ्याशीं आले असतील, त्यांच्या धन्याचें काय झालें असेल? त्याचा सौदा जुन्या दरानें झालेला, आणि नाक्यावर दर नवा.

आतां वाहतुकीच्या मापाचा विचार करूं. दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचें तावर्निये लिहितो. पीटर मंडी यास १६३२ च्या सुमारास भेटलेला तांडा चौदा हजार बैलांचा होता व त्याची दिवसाची मजल सहा-सात मैलांहून अधिक नव्हती. हे आंकडे ऐकून आपण थक्क होतों, परंतु त्यांचें वजन काढून पाहत नाहीं. वऱ्हाडचा कापूस मुंबईस प्रथम पाठविला तो विकाजी व पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनीं १८२५-२६ सालीं. तो माल ५०० बैलांचा व १,२०,००० पौंडांचा होता. म्हणजे बैलामागें २४० पौंड, आजच्या मापानें सुमारें १०९ किलो. हल्लींची दहा चाकी मालमोटार १६ टन माल नेते असें धरलें, तर एका मोटारीचा माल वाहण्यास १४७ बैल लागत. १८४२ सालीं उमरावतीच्या एकाच व्यापाऱ्यानें मिर्झापुराच्या वाटेनें कलकत्त्यास एक लक्ष बैल कापूस धाडला असें नमूद आहे. तो या हिशेबानें ६८० मोटारींचा माल झाला. उमरावती ते मिर्झापूर हें अंतर पांचशें मैलांहून अधिक. दिवसास सात मैलांची मजल धरली तरी सत्तर दिवसांचा प्रवास, आणि पुढें गंगेतून नावा. तेवढ्या अवधींत कापसांत धूळ भरे, पावसानें तो भिजे, आणि मागचा बैल पुढच्याच्या गोणींतला कापूस ओढून खाई, तें वेगळेंच. निजामाचा वऱ्हाड, नागपूरकर भोसल्यांचा मुलूख आणि कंपनीचा मुलूख अशा तीन राज्यांच्या हद्दी या एका वाटेवर होत्या.

कंपनी सरकारनें आपल्या मुलखांतील अंतर्गत जकात बंगाल्यांत १८३६, मुंबई इलाख्यांत १८३८ व मद्रासेंत १८४४ सालीं उठविली. बोरघाटांतून गाडीरस्ता १८३० मध्येंच खुला झाला होता. चौकी गेली आणि चाक आलें, तेव्हां पाठाळांचा धंदा बसत चालला. पुढें आगगाडीनें तो मोडलाच. बोरघाट १८६३ त व थळघाट १८६५ त लोहमार्गानें चढून झाला, नागपूर १८६७ त जोडलें गेलें. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मूळ पुरस्कर्ता जॉन चॅपमन याचा सारा डोळा वऱ्हाडच्या कापसावर होता. त्यानें मोजलेलें नुकसान खोटीचें व धुळीचेंच होतें. तांड्याचे नाईक आणि त्यांचे लमाण लोक यांचें पुढें काय झालें हा स्वतंत्र व दुःखद विषय आहे. येथें त्यांत शिरत नाहीं. हुंडेकऱ्याचें नांव मात्र मागें राहिलें. तो आतां स्टेशनावर रेल्वेची पावती दाखवून माल सोडविणारा आणि गाडीनें पेठेंत पोंचविणारा झाला. शब्द तोच, काम अर्ध्या कोसाचें. लांबच्या वाटेची जोखीम रेल्वेकडे गेली, तीही पुरती नव्हे. कमी दरानें माल पाठविणाऱ्यानें मालकाच्या जोखमीवर पाठवावा, अशी रेल्वेची अट असे.

मालमोटार आली ती या रेल्वेची प्रतिस्पर्धी म्हणून. मिचेल व कर्कनेस यांनीं १९३२-३३ मध्यें या स्पर्धेची चौकशी केली, आणि १९३९ च्या मोटारवाहन कायद्यानें मोटारींस विभागवार परवाने लावले. एका विभागाच्या परवान्यावर दुसऱ्या विभागांत जातां येत नसे. तेथील अधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी लागे. वाचकांनीं लक्षांत घ्यावें कीं जकात उठल्यास शंभर वर्षें झालीं होतीं, तरी हद्दीवर थांबण्याचें नवें कारण येणेंप्रमाणें निर्माण झालें, आणि तें मालावर नव्हे तर वाहनावर. राष्ट्रीय परवान्याची योजना १९७५ सालीं निघाली; परंतु साऱ्या देशासाठीं एकच ठोक फी भरून मोटार कोठेंही नेण्याची मोकळीक मिळाली ती मे २०१० मध्यें. वाहनापुरता हा हुंडाच होय. तो ठरण्यास पस्तीस वर्षें लागलीं.

मालावरील कराची कथा याहून गुंतागुंतीची आहे. शहराच्या वेशीवरील जकात ही जुन्या थळमोडीची नात म्हणावयास हरकत नाहीं. महाराष्ट्रांतील नगरपालिकांच्या हद्दींत ती १९९९ सालीं बंद झाली, महानगरपालिकांत पुढेंही चालली, आणि मुंबईच्या वेशीवर ३० जून २०१७ पर्यंत होती. शहरांतून नुसता पार जाणारा माल असला तरी रहदारी-दाखला, अनामत रक्कम, आणि क्वचित् सोबतीस शिपाई. नाक्यांवर मोटारवाल्यांच्या वतीनें जकात भरून देणारे दलाल बसत. त्यांस हुंडेकरी म्हणण्याचें कोणास सुचलें नाहीं, पण काम तेंच. १ जुलै २०१७ रोजीं वस्तु व सेवा कर लागू झाला आणि अनेक राज्यांनीं आपले विक्रीकराचे नाके उठविले. वजन व परवाने पाहणारे नाके मात्र सर्वत्र एकदम उठले नाहींत. १ एप्रिल २०१८ पासून राज्याबाहेर जाणाऱ्या मालास ई-वे बिल लागूं लागलें. त्याची मुदत आरंभीं शंभर किलोमीटरांस एक दिवस अशी होती, ती जानेवारी २०२१ पासून दोनशें किलोमीटरांस एक दिवस अशी झाली. पूर्वीं चौकी उभी असे आणि बैल चालत. आतां चौकी कागदांत शिरून मोटारीबरोबरच चालते. मोटार मोडली, मुदत टळली, कीं दंड. हा दंड मोटारवाल्यानें सोसावा कीं व्यापाऱ्यानें, हें बिल्टीच्या पाठीवरील बारीक अक्षरांवर आणि दोघांपैकीं गरजू कोण यावर ठरतें.

देशाच्या आंत येणेंप्रमाणें खोटी पुष्कळ कमी झाली हें खरें. देशाच्या सीमेवर काय आहे तें पाहण्यास लासलगांवच्या कांद्याची वाट धरणें सोयीचें. उन्हाळी कांदा मार्चपासून निघतो, शेतकरी तो चाळींत भरून ठेवतो आणि भाव पाहून काढतो. बाजार समितींत लिलाव झाला, व्यापाऱ्याच्या खळ्यांत निवड झाली, गोण्या शिवल्या, कीं मोटार विदर्भ, छत्तीसगड, ओडिशा असें करीत झारखंडच्या कोपऱ्यास शिवून बंगाल्यांत शिरते व कोलकात्याच्या पलीकडे पेट्रापोलास पोंचते. अंतर सुमारें १,९०० किलोमीटर, वेळ चार-पांच दिवस. पेट्रापोल-बेनापोल हें भारत व बांगलादेश यांच्यामधील भूमार्गाच्या व्यापाराचें सर्वांत मोठें नाकें. तेथें जुलै २०१६ मध्यें नवें एकत्रित तपासणी-स्थानक उघडलें. तरीपण सीमेअलीकडे बनगांवच्या आवारांत मोटारी दिवसेंदिवस उभ्या राहत आल्या आहेत. चार दिवसांत देश ओलांडणाऱ्या मोटारीस शेवटचे कांहीं कोस जाण्यास कधीं कधीं त्याहून अधिक दिवस लागत, हें सांगूनही खरें वाटूं नये. पलीकडे गेल्यावर मोटार बेनापोलच्या बंदरापर्यंतच जाते. तेथें माल उतरून बांगलादेशच्या मोटारींत भरला जातो. भूतान, बांगलादेश, भारत व नेपाळ यांनीं एकमेकांच्या मोटारी आंत येऊं देण्याचा करार १५ जून २०१५ रोजीं थिंफू येथें केला, कोलकात्याहून ढाक्यामार्गें अगरताळ्यापर्यंत त्याच वर्षीं चांचणीची मोटारही गेली. परंतु भूतानच्या वरिष्ठ सभागृहानें संमति दिली नाहीं, आणि करार रेंगाळला.

आतां मूळ प्रश्नाकडे येतों. २९ सप्टेंबर २०१९ रोजीं, पुन्हां १४ सप्टेंबर २०२० रोजीं, आणि पुन्हां ८ डिसेंबर २०२३ रोजीं केंद्र सरकारनें कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली. मध्यंतरीं १९ ऑगस्ट २०२३ पासून शेंकडा ४० निर्यातकर होता. शेवटची बंदी ४ मे २०२४ रोजीं उठली, पण किमान दर आणि तोच कर राहिला. तो सप्टेंबरांत निम्म्यावर आला व १ एप्रिल २०२५ पासून रद्द झाला. उलट बाजूनें बांगलादेशानें मार्च ते जून २०२३ या काळांत स्वतःचा कांदा निघाला म्हणून आयातीचे परवाने देणें थांबविलें होतें. बांगलादेशाचें हें करणें शिवकालीन मिठाच्या पत्राच्या सरळ वळणावर गेलें. आपल्या पिकविणाऱ्यास जपण्यासाठीं बाहेरचा माल अडविणें. आमच्या सरकारचें धोरण उलट दिशेचें होतें. खाणाऱ्यास स्वस्त मिळावें म्हणून पिकविणाऱ्याचा माल आंत कोंडणें. दोन्हींचा गुणदोष अर्थशास्त्रज्ञांनीं ठरवावा. आमच्या विषयास धरून इतकेंच सांगावयाचें कीं दोन्ही हुकूम कागदावर ज्या दिवशीं निघतात त्या दिवशीं रस्त्यावर माल असतो, आणि कांदा हें मीठ नव्हे. सप्टेंबर २०२० च्या बंदीच्या वेळीं सीमेवर मोटारींच्या रांगा अडकल्या. ज्यांचे कागद बंदीपूर्वीं पुरे झाले होते त्यांस कांहीं दिवसांनीं सोडण्यांत आलें, आणि तोंवर भाद्रपदाच्या दमट हवेंत गोण्यांस पाणी सुटलें होतें.

या नुकसानीचा धनी कोण? निर्यातदार म्हणतो, सरकारी हुकुमास माझा इलाज काय. मोटारमालक ‘हॉल्टिंग’ मागतो, म्हणजे खोटीचें भाडें. तें मिळालें तर अर्धेमुर्धें मिळतें. १८६५ चा वाहकांचा कायदा जाऊन त्याच्या जागीं २००७ सालीं झालेला व १ मार्च २०११ पासून अमलांत आलेला नवा कायदा आहे, पण त्यांत वाहकाची जबाबदारी मर्यादित केलेली आहे. ड्रायव्हर फेरीवर पैसे घेणारा; फेरी लांबली तर त्याचा रोज तेवढा उतरतो, व मोटार सोडून त्यास जातांही येत नाहीं. आणि शेतकरी तर या बिल्टींत कोठेंच नाहीं. त्याचा व्यवहार लासलगांवीं काट्यावर संपला. पण दुसऱ्याच दिवशीं लिलावांत बोली खालीं येते, आणि चाळींत राहिलेल्या कांद्यावर सीमेवरील सारी खोटी त्याच्याकडून वसूल होते. बैलाच्या काळीं अनिश्चिततेचा भाव आधीं ठरे व तो देणारास दिसे. आज तो नंतर ठरतो आणि देणारास दिसत नाहीं. हाच तो तुकडा, जो कोणाकडेच गेला नाहीं.

परदेशीं हुंडेकऱ्यासारखी योजना निघाली आहे, तिचा उल्लेख येथें केला पाहिजे. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपांत १९४९ पासून मालमोटारींसाठीं टीर नांवाची पद्धति सुरू झाली. तिचा आंतरराष्ट्रीय करार १९५९ सालचा, सुधारून १९७५ सालचा. निघाल्या ठिकाणीं जकात-अधिकारी माल तपासून मोटारीस शिक्का लावतो, वाटेंतील देश तो शिक्का मानून सहसा मोटार उघडत नाहींत, आणि माल वाटेंत कोठें विकला जाऊन त्या देशाचा कर बुडाला तर प्रत्येक देशांतील एक जामीनदार संघ तो भरून देतो. एक छापा, एक कागद, एक जामीन. एल्फिन्स्टनच्या अहवालांतील वर्णन आणि हें वर्णन शेजारीं ठेवलें तर नातें सांगावें लागत नाहीं. भारत या करारांत २०१७ सालीं सामील झाला. परंतु या जामिनानें कर बुडण्याची भीति जाते. हुकूम बदलण्याची जात नाहीं. तीवर उपाय एकच, तो म्हणजे वाटेस लागलेला माल जुन्या हुकुमानें जाऊं द्यावा आणि ‘वाटेस लागला’ याची व्याख्या सीमेवरील कागदानें नव्हे तर भरल्या ठिकाणच्या कागदानें करावी. थळभरीत घेणाऱ्या जुन्या चौकीस भरल्या ठिकाणची तारीख ठाऊक असे. आजच्या ई-वे बिलावरही ती असतेच.

कांद्याप्रमाणेंच कारखान्यांचा मालही याच दारानें जातो-येतो, व त्याचीही तीच गत आहे. एप्रिल २०२५ मध्यें बांगलादेशानें भारतांतील सूत भूमार्गानें घेणें बंद केलें, आणि १७ मे २०२५ रोजीं भारतानें तेथील तयार कपडे फक्त न्हावाशेवा व कोलकाता या बंदरांतून येऊं द्यावयाचे असें ठरविलें. सूत आणि कपडा सडत नाहीं, म्हणून त्याची हांकाटी कमी झाली, इतकेंच.

हुंडेकऱ्यांच्या हिशेबाच्या वह्या मिळाल्याशिवाय या विषयाचा पुढचा भाग लिहितां येणार नाहीं. मक्तेदाराशीं त्याचा ठराव सालाचा असे कीं खेपेचा, पेंढारी किंवा पूर यांनीं माल गेला तर हुंडा परत द्यावा लागे कीं काय, बैल त्याचे स्वतःचे असत कीं लमाणांचे, हे प्रश्न वह्यांवरूनच सुटतील. ज्या घराण्यांत हें आडनांव चालत आलें आहे, किंवा ज्यांच्या माळ्यावर मालवाहतुकीचीं मोडी दप्तरें पडून आहेत, त्यांनीं तीं वाळवीच्या स्वाधीन करण्यापूर्वीं आम्हांस दाखवावीं. रद्दी समजून टाकलेल्या एखाद्या खोटीच्या खर्चाच्या यादीचाही उपयोग आहे.